आधी कोण जाणार? तारघरापासून नेटवर्क स्विचच्या पोर्टपर्यंत अग्रक्रमाचा इतिहास

१/
७ डिसेंबर १९४१. वॉशिंग्टनमध्ये दुपार होत आली होती. अमेरिकेचे सेनाप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल यांनी पॅसिफिकमधील सेनाधिकाऱ्यांसाठी सावधगिरीचा एक संदेश लिहून पाठवण्यास दिला. हवाई बेटांशी असलेला लष्कराचा स्वतःचा रेडिओ-संपर्क त्या दिवशी वातावरणातील व्यत्ययामुळे होत नव्हता. त्यामुळे हवाईचा संदेश व्यापारी तार कंपन्यांमार्फत रवाना झाला.

२/
होनोलुलूच्या तार कार्यालयात तो स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून ३३ मिनिटांनी पोहोचला. पर्ल हार्बरवरील हल्ला सुरू होण्यास तेव्हा जेमतेम वीस-बावीस मिनिटे उरली होती. पाकिटावर तातडीची कोणतीही खूण नव्हती. इतर तारांबरोबर तीही वाटपासाठी निघाली. सांकेतिक लिपीतून उलगडलेला मजकूर जनरल शॉर्ट यांच्या कचेरीत पोहोचला, तेव्हा हल्ला संपून कित्येक तास लोटले होते.

३/
खूण असती तरी एवढ्या अल्पावधीत त्या दिवसाचे पारडे फिरले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र या प्रसंगातून एक गोष्ट उघड होते. संदेशाचे महत्त्व लिहिणाऱ्याला ठाऊक असून भागत नाही. वाटेवरील प्रत्येक हाताला ते दिसावे लागते आणि त्या हाताने ते मानावेही लागते. आज कार्यालयातील नेटवर्क स्विचच्या पोर्टवर अभियंता ज्या चार-सहा कमांड टाइप करतो, त्या याच दोन अटी पूर्ण करण्यासाठी असतात. हा थ्रेड त्या कमांडांच्या पूर्वजांविषयी आहे.

४/
आरंभ तारायंत्रापासून. एका तारेवरून एका वेळी एकच संदेश जाऊ शके, म्हणून रांग अटळ होती. १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे वीस युरोपीय राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तार करारावर सह्या केल्या. त्या करारात रांगेचा क्रम ठरला: आधी सरकारी तारा, मग तारखात्याच्या स्वतःच्या कामकाजाच्या तारा आणि शेवटी खासगी तारा. एकाच वर्गातील तारांना मात्र ‘जो आधी आला तो आधी’ हा न्याय होता. पुढे तातडीच्या खासगी तारांचा वर्ग निघाला. जादा दर मोजून सामान्य माणसालाही रांगेत वर सरकता येऊ लागले.

५/
भारतात हा अनुभव दूरध्वनीच्या काळातही ताजा होता. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात थेट डायल करण्याची एसटीडी सेवा सुरू झाली. पण देशाच्या मोठ्या भागात त्यानंतरही दीर्घकाळ ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. त्याचे तीन प्रकार होते: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. गावाकडून शहरात मृत्यूची बातमी कळवायची असली की लाइटनिंग कॉलचा भुर्दंड सोसून लोक एक्सचेंजमधील रांग ओलांडत. अग्रक्रम म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना समजले होते.

६/
पैशाऐवजी अधिकारावर आधारलेली रांग लष्कराने विकसित केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या संदेशव्यवस्थेत चार दर्जे स्थिरावले: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट आणि सर्वांत वरचा फ्लॅश. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर त्या दर्जाचे एकाक्षरी चिन्ह असे. दळणवळण कक्षातील कारकुनाने मजकूर वाचायची गरज नव्हती. चिन्ह पाहून गठ्ठ्यात वरखाली करणे एवढेच त्याचे काम.

७/
१९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराने ‘ऑटोव्हॉन’ हे स्वतंत्र दूरध्वनी जाळे उभारले. त्याच्या खास फोनवर बाराऐवजी सोळा बटणे होती. उजवीकडच्या जादा स्तंभात प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि फ्लॅश ओव्हरराइड अशी चार बटणे असत. सगळे मार्ग व्यग्र असताना वरच्या दर्जाचा कॉल आला, तर एक्सचेंज खालच्या दर्जाचा चालू कॉल तोडून टाके. बोलणाऱ्यांना एक सूचक ध्वनी ऐकू येई आणि संभाषण संपे.

८/
मग प्रत्येकाने सरसकट फ्लॅशचे बटण का दाबू नये? या शंकेचे उत्तर त्या जाळ्याच्या रचनेतच होते. कोणत्या फोनला कोणत्या दर्जापर्यंत मुभा आहे, याची नोंद एक्सचेंजकडे असे. फ्लॅश ओव्हरराइड तर राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च लष्करी नेतृत्व यांच्यापुरतेच राखून ठेवले होते. बटण दाबणे हा केवळ दावा होता. तो मान्य करायचा की नाही, हे जाळ्याच्या सीमेवरील यंत्र ठरवी. पुढील सारा इतिहास समजण्यासाठी दावा आणि मान्यता यांतील हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

९/
सप्टेंबर १९८१. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९१ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. आजच्या इंटरनेटचा पाया असलेल्या आयपी प्रोटोकॉलची ती व्याख्या होती. प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात आठ बिटांचा ‘टाइप ऑफ सर्व्हिस’ नावाचा रकाना ठेवण्यात आला आणि त्यातील पहिले तीन बिट अग्रक्रमासाठी राखले गेले. तीन बिट म्हणजे शून्य ते सात असे आठ दर्जे. शून्याचे नाव रूटीन, एकचे प्रायॉरिटी, दोनचे इमिजिएट, तीनचे फ्लॅश, चारचे फ्लॅश ओव्हरराइड.

१०/
हा योगायोग नव्हता. इंटरनेटच्या संशोधनाला अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा होता, त्यामुळे तारकक्षातील दर्जांची परिभाषा जशीच्या तशी पॅकेटच्या माथ्यावर येऊन बसली. वरचे सहा आणि सात हे दर्जे जाळ्याच्या स्वतःच्या नियंत्रणासाठी ठेवले गेले. १८६५ च्या करारात तारखात्याच्या कामकाजाला जसे वेगळे स्थान होते, तसेच हे. राउटर एकमेकांना मार्गांची माहिती देतात, त्या पॅकेटांवर आजही बहुधा सहाचाच शिक्का असतो.

११/
परंतु शिक्का मारण्याची सोय झाली तरी तो वाचणारे फारसे कोणी नव्हते. बहुतेक यंत्रे रकान्यात शून्य भरत आणि बहुतेक राउटर तिकडे दुर्लक्ष करत. दरम्यान गर्दी वाढत होती. जानेवारी १९८४ मध्ये जॉन नेगल यांनी गर्दीमुळे जाळे कोलमडण्याचा धोका लेखी मांडला. ऑक्टोबर १९८६ मध्ये तो धोका प्रत्यक्षात उतरला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे चारशे यार्ड. त्या मार्गाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला.

१२/
त्या संकटावरचा मुख्य उपाय व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडला. गर्दी दिसताच पाठवणाऱ्या संगणकाने स्वतःहून वेग कमी करावा, असे त्याचे सार होते. हा सौजन्याचा मार्ग झाला. मात्र त्याच सुमारास दुसरीकडे अग्रक्रमाचाही एक प्रयोग चालू होता आणि तो बराच काळ गुप्त राखण्यात आला होता.

१३/
अमेरिकेतील विद्यापीठांना जोडणाऱ्या ‘एनएसएफनेट’चा कणा तेव्हा सेकंदाला ५६ हजार बिटांचा होता. डेव्हिड मिल्स यांच्या ‘फझबॉल’ या राउटरांवर तो चाले. १९८७ मध्ये तो गर्दीने गुदमरला. दूरच्या संगणकावर टर्मिनलद्वारे काम करणाऱ्यांना एकेक अक्षर उमटण्याची वाट पाहावी लागे, कारण त्याच रांगेत मोठमोठ्या फाइलींची पॅकेटे उभी असत. तेव्हा चालकांनी राउटरांत एक बदल केला: टर्मिनलची पॅकेटे आधी, फाइली नंतर.

१४/
उपाय लागू पडला, कारण वापरकर्त्यांना त्याची वार्ताच नव्हती. कळली असती, तर आपल्या फाइलींनाही तोच वेश चढवण्यापासून कोणाला रोखणार? ऑटोव्हॉनमध्ये फोनची पात्रता तपासणारे एक्सचेंज होते. इथे तसे कोणी नव्हते. गुप्ततेवर उभी राहिलेली ही व्यवस्था तात्पुरतीच असणार, हे उघड होते. पुढे कण्याची क्षमता वाढवण्यात आली आणि त्या वेळेपुरता प्रश्न मिटला.

१५/
आता इमारतीच्या आतल्या जाळ्याकडे वळू. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना एका टिपणात मांडली. एक सामाईक केबल, बोलण्यापूर्वी ऐकायचे, दोघे एकाच वेळी बोलले, तर दोघांनीही थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. यात लहानमोठा असा भेदच नव्हता. प्रतिस्पर्धी टोकन रिंग पद्धतीत मात्र अग्रक्रमाचे तीन बिट सुरुवातीपासून होते. स्वस्त आणि सुटसुटीत इथरनेटपुढे ती मागे पडली, आणि समतेचा नियम जवळपास सर्वत्र रुजला.

१६/
सामाईक केबलवर रांगेला जागाच नव्हती. प्रत्येक संगणक आपापल्या दारात ताटकळत असे. हे चित्र १९९० मध्ये बदलले. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने स्थापलेल्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात पोर्टचा ‘इथरस्विच’ बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. स्विच प्रत्येक फ्रेम आत घेतो, ती कोणत्या पोर्टमधून बाहेर जायची ते पाहतो आणि मार्ग व्यग्र असेल तर तिला स्मृतीत थांबवतो. इथरनेटमध्ये रांग जन्मली ती अशी, बाहेर जाणाऱ्या पोर्टच्या तोंडाशी.

१७/
रांग आली की ‘आधी कोण’ हा प्रश्न येतोच. तो तीव्र केला मानवी आवाजाने. दूरध्वनीच्या नेहमीच्या पद्धतीने डिजिटल केलेला आवाज सेकंदाला ६४ हजार बिट घेतो. तो सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे. तोंडापासून कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण स्वाभाविक वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. फाइल अर्ध्या सेकंदाने उशिरा आली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बोलण्यातला अर्धा सेकंद मात्र दोघांना एकमेकांवर आदळवतो.

१८/
गणित सोपे आहे. ६४ हजार बिटांच्या मंद दुव्यावर १५०० बाइटचे एक पॅकेट बाहेर पडायला सुमारे १८७ मिलिसेकंद लागतात. आवाजाचे पॅकेट त्याच्यामागे अडकले, की सारी मर्यादा तिथेच संपली. शंभर मेगाबिटांच्या पोर्टवर तेच पॅकेट ०.१२ मिलिसेकंदांत निघून जाते. म्हणूनच ‘इमारतीच्या आत अग्रक्रम कशाला? वेग वाढवा’ असे म्हणणारा एक पक्ष प्रथमपासून होता. त्याचे म्हणणे निराधार नव्हते. पण चोवीस पोर्टांवरून येणारा भार क्षणभरासाठी एकाच बाहेरच्या पोर्टवर येऊन कोसळतो, तेव्हा सरासरी वेग कामाला येत नाही.

१९/
१९९८ हे या इतिहासातील कळीचे वर्ष. आयईईई संस्थेच्या मानकांनी इथरनेटच्या फ्रेममध्ये चार बाइटांची एक जादा पट्टी घालण्याची पद्धत ठरवली. तिच्यातील बारा बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात आणि तीन बिट अग्रक्रम. या पट्टीमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट झाली. पंचवीस वर्षे समतेने चाललेल्या इथरनेटला आठ पायऱ्यांची उतरंड मिळाली. व्यवहारात तिला ‘क्लास ऑफ सर्व्हिस’, थोडक्यात ‘कॉस’, म्हणतात.

२०/
त्या उतरंडीत एक गंमतशीर गोष्ट दडलेली आहे. शून्य हा आकडा सर्वांत खालचा नाही. एकचा दर्जा त्याच्याही खाली आहे. कारण जुनी यंत्रे काहीच न लिहिता शून्य पाठवत, आणि त्यांना तळाशी ढकलणे अन्यायाचे ठरले असते. जी कामे सवडीने झाली तरी चालतात, त्यांच्यासाठी एक हा आकडा ठेवला गेला. १९९८ च्या तक्त्यात आवाजाला सहा क्रमांक होता. बाजारातील फोन मात्र पाच वापरू लागले आणि २००५ च्या आवृत्तीत मानकानेही आवाजाला पाच हा क्रमांक दिला.

२१/
आयपीच्या पातळीवरही त्याच वर्षी डागडुजी झाली. १९९४ पासून प्रत्येक संभाषणासाठी वाटेतील साऱ्या राउटरांवर जागा आरक्षित करण्याची योजना आखली जात होती. ती विशाल जाळ्यावर झेपणारी नव्हती. डिसेंबर १९९८ मध्ये ‘डिफसर्व्ह’ने साधा मार्ग स्वीकारला: जुन्या रकान्यातील सहा बिटांचा शिक्का आणि त्यानुसार रांग. आवाजासाठी ४६ हा आकडा रूढ झाला. तो द्विमान पद्धतीत मांडल्यास पहिले तीन बिट पाच दाखवतात. १९८१ च्या तक्त्याशी नाते तुटू नये, याची काळजी मांडणीतच घेतलेली होती.

२२/
आता खुद्द पोर्ट. २००० नंतरच्या दशकात सिस्कोचे कॅटॅलिस्ट मालिकेतील स्विच असंख्य कार्यालयांत होते. त्यांच्यावर काम करणारा अभियंता काळ्या पडद्यावर आधी ‘एमएलएस क्यूओएस’ ही कमांड देई. तिने संपूर्ण स्विचवर अग्रक्रमाची यंत्रणा जागी होई. मग ‘इंटरफेस’ या शब्दापुढे पोर्टचा क्रमांक लिहून तो त्या पोर्टच्या कक्षेत शिरे. ‘स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन’ या कमांडने फोनसाठी वेगळा कप्पा ठरे. आणि त्यानंतर येई सर्वांत महत्त्वाची ओळ: ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट कॉस’.

२३/
‘ट्रस्ट’ म्हणजे विश्वास. या पोर्टवरून येणाऱ्या फ्रेमवर जो शिक्का असेल तो खरा मान, असा तिचा अर्थ. ती ओळ न लिहिल्यास काय होई, हे नवशिक्यांना अनेकदा चटका बसल्यावर उमगे. यंत्रणा बंद असताना स्विच शिक्क्यांना हात लावत नसे. पॅकेटे जशी येत तशी पुढे जात. यंत्रणा चालू केली आणि विश्वासाची ओळ राहिली, की स्विच प्रत्येक पोर्टला अविश्वसनीय समजे आणि येणारे सारे शिक्के पुसून शून्य करी. आवाज सुधारावा म्हणून दिलेल्या पहिल्याच कमांडने फोनचा अग्रक्रम नाहीसा होई.

२४/
यावरून दोष यंत्राला देणे सोपे आहे. पण तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. टेबलावरच्या फोनच्या मागे बहुधा संगणक जोडलेला असतो आणि संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम आपल्या पॅकेटवर पाचचा शिक्का मारू शकतो. म्हणून ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन’ अशी आणखी एक ओळ होती. पलीकडे खरोखर फोन आहे, हे ओळखल्यावरच स्विच विश्वास ठेवी आणि फोन आपल्यामागच्या संगणकाचे शिक्के शून्य करून टाकी. एनएसएफनेटच्या चालकांनी जे गुपित ठेवून साधले, ते इथे उघड नियमाने साधले गेले. ऑटोव्हॉनचे एक्सचेंज फोनची पात्रता तपासत असे, त्याचेच हे लहान रूप.

२५/
विश्वासानंतर उरते ती रांग. कॅटॅलिस्ट ३५६० सारख्या स्विचच्या प्रत्येक पोर्टला बाहेर जाण्याच्या चार रांगा होत्या. ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ ही कमांड दिली, की त्यांतील पहिली रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय इतरांना वाट मिळत नसे. आवाजाची पॅकेटे लहान आणि मोजकी असल्याने हे परवडे. त्याच रांगेत उत्साहाच्या भरात व्हिडिओ, बॅकअप आणि वरिष्ठांचा संगणक असे सगळेच घातले, तर उरलेल्या तीन रांगांची उपासमार होई. सगळ्यांनाच अग्रक्रम दिला, तर कोणालाच तो उरत नाही.

२६/
इमारतीबाहेर या पद्धतीचा जम बसला नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या ‘इंटरनेट२’ प्रकल्पाने वरच्या दर्जाची खास सेवा उभारण्याचा प्रयत्न केला आणि २००२ च्या सुमारास ती का रुजली नाही याची कारणमीमांसा करून तो सोडून दिला. क्षमता वाढवणे स्वस्त पडत होते आणि परक्या जाळ्यातून आलेल्या शिक्क्यावर विश्वास ठेवायला कोणी राजी नव्हते. एका संस्थेच्या हद्दीत दर्जा ठरवणारा आणि मानणारा एकच असतो. हद्द ओलांडली, की हे सूत्र तुटते.

२७/
हद्दीबाहेर हा प्रश्न राजकीय बनतो. सार्वजनिक इंटरनेटवर सेवा पुरवणाऱ्या कंपनीने पैसे घेऊन एखाद्याला रांगेत पुढे घ्यावे का? भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१७ मध्ये भेदभावाविरुद्ध शिफारशी केल्या आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या. जाळ्याच्या वाजवी व्यवस्थापनाला व काही विशेष सेवांना अपवाद ठेवण्यात आला. कार्यालयातील स्विचवर जी कृती शहाणपणाची, तीच देशाच्या जाळ्यावर कोणाचे तरी दार बंद करू शकते. तंत्र एकच असते. बदलतो तो निर्णय घेणारा, आणि त्याला जाब विचारण्याची सोय.

२८/
१४ जुलै २०१३ रोजी भारतात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि ती सेवा बंद झाली. लाइटनिंग कॉल त्याआधीच विस्मृतीत गेले होते. नव्या पिढीच्या कॅटॅलिस्ट स्विचवर ‘एमएलएस क्यूओएस’ ही कमांडही राहिलेली नाही. तिथे केबलने जोडलेल्या पोर्टवर विश्वास हाच मूळ नियम आहे आणि संशय मुद्दाम लिहावा लागतो. तीन बिट मात्र अजून जागच्या जागी आहेत.

२९/
जुना स्विच हाताशी असेल, तर एखाद्या पोर्टसाठी ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’ ही कमांड देऊन पाहावी. उत्तराच्या पहिल्या काही ओळींत ‘ट्रस्ट स्टेट’ असे लिहिलेले असते. कोणी काही ठरवलेले नसेल, तर त्यापुढे ‘नॉट ट्रस्टेड’ हे दोन शब्द येतात. होनोलुलूतील त्या पाकिटावर शिक्काच नव्हता. इथे शिक्का असूनही तो पुसला जाईल, एवढेच ती ओळ सांगते. ती बदलायची की नाही, हे पोर्टच्या पलीकडे कोण बसले आहे ते पाहूनच ठरवावे लागते.